काचेवरची टिचकी

ती. बाबांना लेकीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. कारखाना बिअरचा असला तरी माझा संबंध फक्त वायरींशी, हे आत्याला सांगा.

जुनं कंट्रोल पॅनल काढून आम्ही टचस्क्रीन बसवला. इथले ऑपरेटर काका तुमच्याच वयाचे. मीटरचा काटा अडकला असेल म्हणून आधी काचेवर टिचकी मारायची, मगच आकडा खरा मानायचा, अगदी तुमच्यासारखं. सोमवारी सवयीने त्यांनी स्क्रीनला टिचकी मारली आणि टाकी थंड ठेवणारा पंपच बंद झाला. माल थोडक्यात वाचला. साहेब त्यांना घरी बसवायला निघाले होते. मी सांगितलं, बटण तिथे ठेवलं ही चूक माझी.

आता स्क्रीनशेजारी एक जुना काट्याचा मीटर ठेवलाय, त्यांच्यासाठी. काल आजूबाजूला कोणी नव्हतं, तेव्हा मीही एक टिचकी मारून घेतली. लहानपणी तुमचा डबा घेऊन कारखान्यात यायचे तेव्हा टिचकी मारायला तुम्ही मला बॉयलरच्या मीटरपाशी उचलून धरायचात, ते आठवलं.

आई म्हणते, बीपी जास्त दाखवलं की तुम्ही मशीनलाच टिचकी मारता. बाबा, त्यात अडकायला काटाच नाही. तो आकडा खरा आहे. गोळी घेत जा.

तुमची धाकटी