उशाशी कोण बसायचं

केळापूर,
१७ फेब्रुवारी २००७

प्रिय मोनाली,

सप्रेम जयभीम. सासूचं पत्र आलं म्हटल्यावर तुझ्या आईच्या छातीत धस्स होईल, म्हणून आधीच लिहिते की इथे सगळे बरे आहेत. सातवी शिकलेली बाई पत्रात पुस्तकी लिहिते, त्याला हसू नकोस. बोलताना मी आपली तीच आहे.

तुला आणायला गेलेला रवी परवा नेरहून आला तो एकटाच. बैलाचं दावं सोडत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ते म्हणते, घरात बाबा बसून राह्यतेत, तोवर मी पाय ठेवत नाई." तुझ्या मामाजींना, माझ्या मालकांना, जाऊन वैशाखात चार वर्षं होतील, आणि तू त्यांच्या भीतीने चार महिने माहेरी बसली आहेस. पुढच्या रविवारी रवी मुकुटबनकडून एक भगत आणणार आहे. तो मंत्राने घर बांधून देईल, मग तू येशील असं त्याला वाटतं. मी नाही म्हटलं तर पोरगा पहिल्यांदा माझ्या अंगावर ओरडला, "तुले बायको आणून देता येते का माही?" मी गप्प बसले. मला गप्प बसलेलं तू कधी पाहिलंस का?

ह्या घरात भगत आला नाही त्याला पन्नास वर्षं झाली. दीक्षा घेतली त्या साली माझ्या सासूबाईंनी देव, नाडे, अंगाऱ्याच्या पुड्या सगळं टोपलीत भरून नदीला सोडलं, हे तुला मी हजारदा ऐकवलं आहे. एक मात्र कधी सांगितलं नाही. रिकामा झालेला देव्हाऱ्याचा कोनाडा बायकांना पाहवेना. मग तिथे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आला, त्यात तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या. कोणाला कणकण आली की सासूबाई हात धुऊन डबा काढायच्या आणि म्हणायच्या, आपण गोळीवाले. पुढे डबा माझ्याकडे आला. अंगारा किती घ्यायचा हे जसं कोणी विचारत नसे, तसं गोळी किती घ्यायची हेही ह्या घरात कोणी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुमारास चिकनगुन्या आला ते दिवस तुला अर्धेच आठवत असतील. अख्खं गाव वाकून चालत होतं. सकाळी हापशीवर तरण्या पोरी भिंत धरून येत, घागर भरत आणि भिंत धरूनच परत जात. कुत्रीसुद्धा ओट्यावर चढत नव्हती, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे. मला झाला, चौथ्या दिवशी तुला झाला. कापूस थोडाच थांबतो? बोंडं फुटून लोंबत होती, आभाळ रोज दुपारी काळवंडत होतं, आणि तू अंगात ताप घेऊन वेचायला जात होतीस. वेचणाऱ्या बायांची मुकादम आपली बेबीताई. ती कोऱ्या चहासोबत एकेकीच्या तळहातावर गोळी ठेवायची, "घे वं माय, दुपारलोक अंग मोकळं राह्यते." दुपारी पुन्हा एक. तिची दानत वाईट नव्हती. ती स्वतःही तेच घेत होती.

रवीने पांढरकवड्याहून सांध्यांच्या गोळ्या आणल्या, लाल वेष्टनातल्या, आणि दोन-दोन सकाळ-संध्याकाळ घ्यायला तुला सांगितल्या. मला कळू दिलं नाही, कारण विकतचं मोठं औषध आणलं की मी टोमणे मारते. माझ्या डब्यातली मी देत होते ते त्याला ठाऊक नव्हतं. तीन माणसांनी जीव लावला आणि एकमेकांना विचारलं नाही. पोटात तुझ्या चहाशिवाय काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी तू अंथरूण धरलंस, तरी बेबीताई तुझ्या वाटच्या गोळ्या पदरात बांधून संध्याकाळी घरी आणून द्यायची.

मग ती दुपार. मी ओट्यावरून आत आले तर तू उठून बसलेली. दोन्ही हातांनी गोधडीवरचा कापूस वेचत होतीस. गोधडीवर काही नव्हतं. बोटं बरोबर बोंडात घालावी तशी घालत होतीस, दोन्ही हात भरले की ओटीत टाकत होतीस आणि पुढच्या झाडाकडे वळत होतीस. डोळे पिवळे हळद. मी हाक मारली तर हसून म्हणालीस, "थांबा न बाई, ओळ पुरी होऊ द्या." तू मला बाई म्हणालीस, आई नाही. शेजारची मानीबाई दारातूनच मागे सरली. "हे बाहेरचं होय कौसल्याबाई, भगताले बोलवा." मी तिला हाकलली. बैलगाडीत तुला घातलं, पांढरकवड्याहून जीप केली. वाटेभर तू जीपमध्ये कापूस वेचत होतीस.

यवतमाळच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तुझ्याच वयाची. तिने रवीला घरी पाठवून सगळी पाकिटं मागवली आणि टेबलावर ओळीने मांडली. बेबीताईची, रवीची, माझ्या डब्यातली. मला म्हणाली, वाचता येतं ना, मग खालचं बारीक अक्षर वाचा. वर तिन्हींची नावं वेगळी, रंग वेगळे. खाली बारीक अक्षरात तिन्हींवर तेच एक औषध. ती म्हणाली, "औषध चांगलं आहे, आजी. पण दोन वेळांमध्ये चार ते सहा तास जावेच लागतात, आणि दिवसरात्र मिळून आठच्या वर गोळ्या धडधाकट माणसानंही घ्यायच्या नाहीत. उपाशी, अशक्त बाईला त्याहून कमी. तीन दिवसांत ताप हटला नाही तर दुसरी गोळी शोधायची नाही, दवाखाना गाठायचा. जास्त झालं की यकृत जळतं, आणि जळायला लागतं तेव्हा कळतही नाही." मग कोणी किती दिल्या ते लिहून घेतलं. बेबीताईच्या दोन. रवीच्या चार. मला विचारलं, मी म्हटलं, दिवसाला दोन. सलाईनमधून तिने उतारा सुरू केला आणि चौथ्या दिवशी तू मला आई म्हणालीस.

त्याच दिवशी तू ते सांगितलंस. रोज दुपारी, घरात चिडीचूप असताना, मामाजी यायचे. अंगात त्यांचा काळा कोट, डोक्याला टॉवेल बांधलेला. उशाशी बसायचे, काही बोलायचे नाहीत. तुझा जबडा दाबून तोंडात गोळी ठेवायचे, वर लोट्यातलं पाणी. उठून जायचे, जरा वेळाने पुन्हा यायचे. तू नको म्हणून मान फिरवायचीस तरी यायचे. वाकले की कोटाचं पितळी बटण तुझ्या गालाला लागायचं, थंडगार. मानीबाईने ते गावभर केलं. मेलेला गोविंदा सुनेला न्यायला आला होता, असं लोक आजही म्हणतात. ज्यांना भूत पटत नाही त्यांनी बेबीताईला धरलं. तिच्यासोबत आता कोणी वेचायला जात नाही, तिच्या हातचं पाणीसुद्धा बाया घेत नाहीत. ह्या हंगामात ती एकटी वेचताना दिसायची, भर उन्हात, वावराच्या मधोमध.

मोनाली, तो कोट माझ्या अंगात होता. मलाही ताप होता, हुडहुडी भरायची, म्हणून पेटीतून काढून घातला आणि कानाला वारं लागू नये म्हणून टॉवेल बांधला. तू कण्हलीस की मी उठायचे. मला वाटायचं चार तास झाले असतील. घड्याळ मी पाहिलं नाही, तापात ऊनही एका जागी थांबल्यासारखं वाटायचं. तू मान फिरवायचीस ते मला आठवतं. लेकरू कडू म्हणून नको म्हणतं, असं समजून मी जबडा दाबला. तू यवतमाळला असताना डबा उघडला तर तळाशी नुसती रिकामी पाकिटं. दिवसाला सहा असतील, सातही असतील. डॉक्टरणीला दोन सांगितल्या त्या खोट्या. तुझा जीव जात होता आणि मी सातवी पास कौसल्याबाई माझी अब्रू सांभाळत होते. तुझ्या तोंडून बटणाचं ऐकलं तेव्हा बोलायला हवं होतं. मेलेल्या माणसावर ढकललं गेलं, मी ढकलू दिलं. मला फार लाज वाटते गं. काल बेबीताईकडे जाऊन हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं. सोमवारी डॉक्टरणीला सांगायला जाते. हे पत्र पाकिटात न घालता रवीच्या हाती देते आहे, त्याने आधी वाचावं म्हणजे तो भगताला नको म्हणेल. तू यावंस असा हट्ट मी कोणत्या तोंडाने करू? ये किंवा येऊ नकोस. पण त्या भल्या माणसाला भिऊन दूर राहू नकोस. घरात दुसरं कोणी नाही. भ्यायचंच असेल तर मला भी.

तुझीच,
कौसल्या