स्मरणपत्र क्रमांक नऊ

आदरणीय मेहुणेबुवा यांना,

भावोजींचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एरवी मी तुम्हाला अरे-तुरे करतो हे खरं, पण ज्याच्याकडे काम असतं त्याला अहो-जाहो करावं, हे चौतीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. काम शेवटी सांगतो.) तुमचा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढत बसू नका. इकडे सगळं क्षेम. तुमच्या ताईच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन सोमवारी नीट पार पडलं, आणि डॉक्टरांनी तिला आठ दिवस पालथं झोपायला सांगितलं. चेहरा जमिनीकडे, वाचन बंद, स्क्रीन बंद. बोलणं बंद करायला डॉक्टर विसरले. आठ दिवस ती फरशीकडे बघून बोलत होती आणि मी दारातून होला हो करत होतो.

ऑपरेशनला निघताना तिने माझ्यावर एकच जबाबदारी टाकली, ती वेबसाइटची. अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच तिला काढून दिलेली, जुन्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीची. कुठली कुठली माणसं विचारतात, टाका सुटतो, दोरा तुटतो, पट्टा सरकतो, आणि ही प्रत्येकाला उत्तर देते. चार हजारांवर उत्तरं झाली आहेत. (मी त्यातलं एकही वाचलं नव्हतं, हे इथे कबूल करतो.) "तुम्ही फक्त लक्ष ठेवा, हात लावू नका," असं तिने तीनदा बजावलं होतं. मी हात लावला नाही, गळ्याची शपथ. मंगळवारी सकाळी नुसतं लक्ष ठेवायला म्हणून साइट उघडली, तर पांढऱ्या पानावर एकच ओळ: डेटाबेसशी संपर्क होऊ शकत नाही. अकरा वर्षं गायब! आतून आवाज आला, "सगळं ठीक आहे ना हो?" मी म्हटलं, "अगदी ठणठणीत!" (खोटं बोलताना माझा आवाज चढतो, हे तुम्ही जाणताच.)

मग भिंतीवर तुम्ही चिकटवलेला सूचनांचा कागद मी वाचला. ज्यांच्या कॉम्प्युटरवर आपली साइट भाड्याने राहते, त्या होस्टिंगवाल्यांबद्दल तुम्ही लिहिलंय: "काही बिघडलं तर यांना लिहा. उपयोग होणार नाही, पण लिहा." आता पत्र लिहिण्यात तर माझी हयात गेली. आवक-जावकच्या टेबलावर चौतीस वर्षं काढलेला माणूस मी. आमच्याकडे रीत अशी, की फाइल हलत नसेल तर स्मरणपत्र धाडायचं. प्रत्येक स्मरणपत्रागणिक फाइल ढिगात वर यायची, आणि सातव्याला साहेब स्वतःच ती हातात घ्यायचे, एकदाची कटकट मिटू दे म्हणून. त्याच भरवशावर मी तक्रार नोंदवली आणि लागोपाठ स्मरणपत्रं सुरू केली, "संदर्भ: आमचे स्मरणपत्र क्रमांक सहा" वगैरे सगळं रीतसर. दर वेळी तिकडून आपोआप उत्तर यायचं, की तुम्ही रांगेत आहात. आधी चाळिसावे होतो, मग बावन्नावे, मग एकसष्टावे. मला वाटलं, गर्दी वाढते आहे.

बुधवारी दुपारी नववं स्मरणपत्र अर्धं झालं होतं, ताट तसंच झाकलेलं होतं, आणि फोन वाजला. होस्टिंगच्या मदत-कक्षातल्या बाई बोलत होत्या. म्हणाल्या, "काका, आता तुम्ही काहीही लिहू नका हं. तुम्ही काही लिहिलंत की आमच्याकडे तुमची तक्रार नवी धरतात आणि रांगेत शेवटी टाकतात. कालपासून तुम्ही स्वतःलाच आठ वेळा मागे ढकललंय." मेहुणेबुवा, चौतीस वर्षांची विद्या पाण्यात! पण बाई हसल्या नाहीत. (त्यांच्या जागी मी असतो तर टेबलाखाली जाऊन हसलो असतो.) म्हणाल्या, "अर्ध्या तासाने मीच फोन करते, तोवर जेवून घ्या." मी जेवलो नाहीये हे त्यांना आवाजावरून कळलं! याला म्हणतात माणसाची पारख.

अर्ध्या तासाने खरंच फोन आला. तिकडची डिस्क मोडली होती, आपल्यासकट दीड हजार साइटी बंद होत्या, आणि हाताशी होती ती रविवारी पहाटेची प्रत. ती आपल्याला पुरणारी नव्हती. कारण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, म्हणजे रविवारीच, तुमच्या ताईने दिवसभर बसून तेवीस उत्तरं लिहिली होती, लोक खोळंबतील म्हणून. मी म्हटलं, "बाई, ती तिने एका डोळ्याने लिहिली आहेत हो." बाईंनी किती ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, की डेटाबेस स्वतःची एक रोजनिशी ठेवतो. त्यात प्रत्येक बदल वेळेसकट, क्रमाने उतरवलेला असतो, आणि ती वही दुसऱ्या डिस्कवर शाबूत आहे. पहाटेची प्रत ठेवायची आणि तिच्यावर वहीतली एकेक नोंद पुन्हा चढवायची. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. "म्हणजे तुमच्याकडे आवक रजिस्टर आहे?" "आहे ना काका." इतका आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

चार वाजता पहिलं उत्तर परत आलं. मी फोनवर मोजत होतो आणि बाई प्रत्येकाला "आलं?" विचारत होत्या. बाविसावं अर्धवट वाटलं, "मशीन उलटं बसवलंय" एवढंच. बाईंनी तीनदा वही तपासली. तुमच्या ताईचं उत्तरच तेवढं होतं. मागे बाकीचे दीड हजार लोक फोनवर त्यांच्या नावाने शंख करत होते, ते मला ऐकू येत होतं. पण बाईंचा आवाज एकदाही चढला नाही. साडेपाचला तेविसावं आलं आणि मी उभ्या उभ्या फोनलाच नमस्कार केला. अशी एक बाई आमच्या कचेरीत असती तर मी दोन वर्षं आधीच निवृत्त झालो असतो, करायला काही उरलंच नसतं.

परवा तुमची ताई उठून बसली. साइट उघडली, रविवारचं एक उत्तर वाचलं, त्यातली स्वतःची चूक सुधारली आणि म्हणाली, "ठीक आहे सगळं." मी म्हटलं, "न असायला झालंय काय?"

घरात सर्वांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक, आणि आमच्यावर लोभ आहे तेवढा पुरे.

तुमचा,
लेखणी खाली ठेवलेला भावोजी

ता. क. आता काम. मी त्या बाईंना आभाराचं चार पानी पत्र धाडलं. ते पोचताच मिटलेली तक्रार पुन्हा उघडली, आणि आता त्यांच्या नावावर "काम अपूर्ण" असं दिसतंय. यापुढे काही लिहिणार नाही असा मी बाईंना शब्द दिला आहे. खातं तुमच्या नावावर आहे, तेव्हा तुम्ही "तक्रार मिटली" एवढी एकच ओळ लिहा. उपयोग होईल.

आणखी एक ता. क. तक्रार उघडल्यामुळे तिचा सगळा इतिहास माझ्याकडे आला, त्यांच्या आपसातल्या नोंदींसकट. बुधवारी दुपारी, बाईंचा पहिला फोन यायच्या आधी, मी डोळ्यांत घालायचे थेंब आणायला गेलो होतो, त्या वेळची बाईंची एक नोंद आहे. जशीच्या तशी उतरवतो: "ग्राहकाच्या पत्नीचा फोन. पालथं झोपून बोलत होत्या. मिस्टर प्रत्येक स्मरणपत्र मोठ्याने म्हणत टाइप करतात, त्यामुळे यांना कालपासून सगळं माहीत आहे. म्हणाल्या, साइटचं होईल सावकाश. ते कालपासून जेवले नाहीत, तेवढं त्यांना फोन करून जेवायला बसवा." मला हे कळलंय असं तुमच्या ताईला बोलू नका. मी सध्या वेळेवर जेवतो आहे.