कुंकवाची रेघ

चिकलठाणा, गुरुवार संध्याकाळ

आज उतरताना आमच्या चार सीटांच्या विमानाच्या डाव्या चाकाचा दांडा मोडला आणि ते पंखावर घसरत गेलं. पायलटचं खरचटण्यावर निभावलं. रोजचे दणके खाऊन धातू थकलेला, त्यात जुना तडा.

खंडेनवमीला त्या दांड्याला कुंकू मीच लावलं होतं. नंतर पुसलं, तर केसाएवढी लाल रेघ काही जाईना. राहिलं असंल थोडं कुंकू, म्हणून सोडून दिलं. मेकॅनिक ना मी? तडा शोधायला आम्ही लाल रंगच तर लावून पुसतो; तड्यात शिरलेला तेवढा उरतो!

पायलटची आई आली. माझे हात धरून म्हणाली, "तुम्ही पूजा केली दादा, म्हणून माझं लेकरू वाचलं."

ती रेघ डोळ्यांपुढून हलंना. तरी मी म्हणालो, "देवाची कृपा, आई."