चौथा सांधा

भायखळा, गुरुवार

प्रिय नूपुर,

खांदा कसा आहे ते आधी विचारतो, नाहीतर तुझी मामी हे पत्र पेटीत टाकू देणार नाही. तुझी आई म्हणते, हात आता डोक्यापर्यंत जातो आणि भांडी आपटण्याइतपत राग शिल्लक आहे. ऐकून बरं वाटलं. शर्यतवाल्यांनी घातलेली वर्षभराची बंदी म्हणजे काही जन्मठेप नाही, असं मी तुला फोनवर दहादा सांगितलं. ते शब्द आज मागे घेतो. ती बंदी तुझ्यावर असायलाच नको होती.

तुझी जीप सोमवारी परत आली. कर्जतचा चिखल अजून चाकांना तसाच होता. चाळीच्या कमानीखालून आत घ्यायची म्हणून डोक्यावरचा लोखंडी पाइपांचा पिंजरा सोडवायला घेतला. ही कमान म्हणजे माझी जन्माची सासू. तिच्यापायीच तुझ्या जीपचा पिंजरा दोन भागांत करावा लागला, नाहीतर गाडी आवारातून कधी बाहेरच पडली नसती. मग चार सांधे बनवले. पाइपाच्या एका टोकाला दात, दुसऱ्या टोकाला खाच, दोन्ही एकमेकांत बसले की आरपार दोन बोल्ट. गाडी उलटली तर जोर दातांनी सोसायचा, आणि बोल्टांनी दातांना जागचं हलू द्यायचं नाही. तू लेथपाशी उभी राहून एकेक दात बोटाने चाचपायचीस आणि खोडी काढायचीस. आमचे आबा गिरणीत पस्तीस वर्षं फिटर होते, पण त्यांनीही माझ्या कामात एवढ्या खोड्या काढल्या नव्हत्या. मला आवडायचं ते. कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

सोमवारी तीन सांधे पान्याने सोडवले. चौथा कर्जतलाच, शर्यतीत गाडी उलटली तेव्हा सुटला होता आणि वरचा पाइप तुझ्या खांद्यावर आला होता. का सुटला, ते तू सगळ्यांना सांगितलंस: सामान बसवायला मीच तो तिथे खोलला आणि आवळायला विसरले. त्यावरूनच तर बंदी आली. हॉस्पिटलात तू मलाही तेच सांगितलंस. आणि मी काय केलं? हात गळ्यात बांधलेल्या पोरीला भर वॉर्डात झापलं. नर्सबाईंनी मला बाहेर काढलं, आठवतं ना? तू एक शब्द उलट बोलली नाहीस. तुझ्यासारखी तोंडाळ मुलगी गप्प बसते म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं तरी या म्हाताऱ्याला कळायला हवं होतं.

आता दसऱ्याचा दिवस आठव. गाडी पूजेसाठी गल्लीत काढली आणि वरचा भाग बाहेर चढवला. पाने सगळे पाटावर, हळदकुंकू लावून बसलेले. दसऱ्याला हत्यार उचलायचं नाही हा आबांचा नियम, म्हणून चारही सांध्यांचे बोल्ट मी नुसते हाताने फिरवले आणि सकाळी आवळतो म्हटलं. तुझ्या मामीने झेंडूचा हार ओवला होता, मनगटाएवढा जाड, तो मागच्या उजव्या सांध्यावर गुंडाळला. सकाळी मी आवळायला घेतलं. एक झाला, दोन झाले, तीन झाले. प्रत्येकावर नेहमीसारखी नटापासून पाइपापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. चौथ्यापाशी आलो तर हार. तोडवेना. ट्रकवाला हॉर्न मारत होता, तू हेल्मेट शोधत होतीस, मी गाठ सोडता सोडता ट्रकवाल्याशी भांडायला गेलो आणि परत त्या सांध्याकडे आलोच नाही. गाडी हारासकट गेली. तिथे शर्यतीआधी गाड्या तपासणाऱ्या माणसानेही म्हणे हार बघून हात जोडले आणि पुढे गेला.

तू तो सांधा खरंच खोलला असतास, तर तुटलेल्या रेघेचा अर्धा तुकडा पाइपावर राहिला असता. मी भिंग घेऊन बघितलं. पिवळ्याचा ठिपकासुद्धा नाही. मग तुझ्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्या हितेंद्रला बोलावून घेतलं. आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाला, "मामा, तिने पाना हातातच घेतला नव्हता. तुमचं नाव खराब होईल म्हणून बोलली ती." तो गेल्यावर मी बराच वेळ लेथ चालू ठेवून नुसता बसलो. रडलो म्हण, काही बिघडत नाही.

नंतर कामाला लागलो. चारही सांधे नवे केलेत, दात आधीपेक्षा लांब, आणि नट असे की नुसत्या हाताने पुरते फिरतच नाहीत. पिंजरा चेन-पुलीला टांगून चारदा उलटा आपटला, शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, सांधा केसभर हलला नाही. पुढच्या दसऱ्याला सगळी हत्यारं पाटावर बसतील, फक्त एक पाना माझ्या खिशात राहील. आबांना राग आला तर येऊ दे. मामीला सगळं सांगितलं तेव्हा आधी म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्या दिवशी तिनेच माझा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. आता मागे उभी राहून विचारतेय, "पत्र लिवतास काय पोथी?"

तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. फोन हाताशी असताना पत्र का, हे तू पहिल्या ओळीपासून विचारत असशील. फोनवर तू मला शपथ घातली असतीस, आणि तुझी शपथ मला मोडता आली नसती. टपाल तुझ्याकडे नाशिकला सोमवारच्या आत पोचत नाही, पोस्टात विचारून आलो. शनिवारी सकाळी अकरा वाजता मी शर्यतवाल्यांच्या दादरच्या कचेरीत जातोय, हितेंद्र सोबत आहे, रेघा असलेले तीन सांधे आणि नसलेला चौथा पिशवीत आहेत. माझं नाव, माझा पत्ता आणि माझी चूक, तिन्ही कागदावर लिहून, सही करून देणार. तुझी बंदी उठवतात की नाही ते त्यांच्या हातात. पण तू हे वाचत असशील तेव्हा माझं सांगून झालेलं असेल, आणि ती चूक आता तुला परत अंगावर घेता येणार नाही.

तुझाच,
दत्तामामा