गोड ताटांचं बी

११ जानेवारी
बोलणारी मी, लिहिणारी सून. तिचा हात दुखतोय म्हणं. माझं तोंड न्हाई दुखत, लिही.
वरच्या रानातली ज्वारी उभ्या उभ्या लोळली. धाटाचं ताट चिरलं तर आत काळंभोर, मुळं कुजलेली. खडखड्या रोग. दाणा भरायच्या आत.
पोरगा म्हणतो, पुढच्या साली ज्वारी बंद. भाकरीपुरती इकत आणू.

१५ जाने.
नात आली, सुवर्णा. शेतीचं शिकते. पोरी संक्रांतीला बांगड्या भरतात, हिनं पिशवीत मुळं भरली. म्हणली, "आज्जी, काही जुन्या ज्वारीच्या मुळात कडू रस असतो. त्यानं बुरशी जवळ येत न्हाई. तुझं बी तर जुनं हाय."
चाळीस वर्सं मीच राखलंय, म्हणलं. लई ऐटीत.

२ फेब्रु.
सुवर्णाचा फोन. आपल्या मुळात तो रस नसल्यातच जमा. जुनं असून असं का, विचारते.
काय सांगू. बी निवडायची मी, ताट चावून. गोड लागलं त्याचंच कणीस बियाला. कडू ढोरांपुढं. ताट कडू त्याचं मूळ बी कडू, हे कुठं ठावं. धनी होते तवा म्हणायचे, थोडं कडू राहू दे. मी म्हणायची, एक कडू हाय की घरात. सगळी आळी हसायची. ते बी हसायचे, उगं.
सून लिहायची थांबली. लिही म्हणलं.

५ फेब्रु.
आठवलं. धन्यांनी कडू बी त्यांच्या बहिणीला दिलतं, सिरसाळ्याला. तिच्या भाकरीला मी भर पंगतीत कडू म्हणून नावं ठेवली. तवापासून येणं-जाणं न्हाई.
मूठभर कडू बी मिळालं तर पोरगा ज्वारी बंद करायचं एक पेरणी थांबतो म्हणला. जावं लागतंय...

८ फेब्रु.
जीपनं गेले. नणंद दारात. पाणी दिलं, बस म्हणली न्हाई. उभ्यानंच कडू बी मागितलं.
ती म्हणली, "वैनी, तुमी हसलात, माझा जीव गेला लाजंनं. दुसऱ्या सालापासून मी बी गोडच निवडाया लागले."
मग दोघी रानात गेलो.
तिच्या बी रानात लोळलेलीच. बांधाकडंची चार ताटं तेवढी ताठ. एक उपटलं. मूळ धुऊन दोघींनी चावलं.
ती म्हणली गोड हाय.
मला कडू लागलं.
चारी कणसं पदरात बांधून आणली, मुळं सुवर्णाला धाडली. पोरगं आल्यापासून विचारतंय, ज्वारी पेरायची का बंद; सुवर्णाचा फोन आला की सांगीन म्हणलं.