बाटलीच्या काचेतली बोटं

धुळे, गुरुवार, ७ एप्रिल १९८८

सरबतवाल्या आबांच्या नव्या बाटलीचे फोटो काढले. काम झक्क झालं, तरी करमत नाहीये.

समोरून दिवा लावला की लेबल चकाकतं, अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून दिवा बाजूला ठेवायचा आणि त्याच्यापुढे पांढरं धोतर ताणायचं. काचेवर मऊ उजेडाची उभी रेघ येते. गेल्या उन्हाळ्यात, आमचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा ते धोतर नलूने धरलं होतं. रेघेच्या कडेला तिची बोटं उमटली. आबा कुरकुरले, मग मी फोटोवर ब्रश फिरवून ती घालवली. कशाला घालवली? जूनमध्ये तिला रावेरच्या शाळेत नोकरी लागली. धुळ्याला बदली कधी होणार, कुणास ठाऊक. रविवारी येते, नीट बोलणं होईपर्यंत तिच्या एस.टी.ची वेळ होते.

आज धोतर दोरीवर चिमट्यांनी लावलं. आबांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि खूश झाले. "आते बठ्ठं साफ शे, भाऊ!"

सगळं साफच होतं. तेच तर.

आबा गेल्यावर दिवा विझवला नाही. धोतराची कड धरून उभा राहिलो, मान वाकडी करून बाटलीत पाहिलं. बोटं दिसली. जाडजूड, माझीच.