उरलेला मासा

गुरुवार, १४ मार्च

प्रिय बबडे,

अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

रविवारी मागच्या पायरीवर बसून आपण शाळेचे बूट पुसायचो, आठवतं? तू पॉलिश फासायचीस, मी चमकवायचे. सोमवारी सिस्टर वाकून बघायच्या आणि शाबासकी मलाच मिळायची. तू कधी तक्रार केली नाहीस. काल कपाट आवरताना उगाच आठवलं.

माझा गुडघा बरा आहे. झोप मात्र नाही.

तुझा भाचा सोमवारी मत्स्यखात्याच्या कामासाठी खाडीतल्या खडकांची पाहणी करून आला. जेवताना म्हणाला, "आई, जेटीखाली दोन परके मासे सापडले. पट्ट्यापट्ट्यांचे, पंखांसारखे पर असलेले. एकाचं पोट फाडलं तर आत नुसती पिल्लं, आपल्या इथल्या माशांची. कुणीतरी घरच्या टाकीतले सोडलेत. तुझ्या ओळखीत आहेत का कुणाकडे?"

"मला मेलीला ताटातला मासाही ओळखता येत नाही," मी म्हटलं. तो हसला.

भावोजी होते तेव्हा त्यांच्या टाकीत तसे तीन होते. मागच्या महिन्यात मी आले तेव्हा एकच दिसला. तू म्हणालीस, "आता यालाही मोकळं करीन." मी चहाचा कप विसळायला उठले.

मंगळवारी फोनवर मी ओरडायला नको होतं. "ताई, त्यांचं शेवटचं मागणं आहे ते. रविवारी जेटीवर जाणारच," एवढं बोलून तू फोन ठेवलास.

ते मागणं मीही ऐकलं होतं. "हौस माझी, जन्मठेप यांची. समुद्रातून ओढून आणलेत, यांना घरी सोड." जाता जाता त्या माणसाला हे खुपलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार वाटतं. पण बबडे, त्या माशांचं घर इथे नाही ग. तो समुद्र पार दुसरा. इथे त्यांना खाणारं कुणी नाही, आणि इथल्या पिल्लांना त्यांची भीतीच ठाऊक नाही. पळतसुद्धा नाहीत म्हणे.

मी पोटच्या पोराशी खोटं बोलले. शनिवारी त्याला खरं सांगणार आहे. त्याआधी तू सांगितलंस तर बरं. मावशी म्हणून तो तुझा दंड माफ करणार नाही आणि मीही त्याच्याकडे शब्द टाकणार नाही. हवं तर वर्षभर अबोला धर. रविवारी जाऊ नकोस, एवढंच.

टाकीतल्या बाकीच्यांपैकी केशरी जोडी दातांच्या डॉक्टरांना दे. ती टाकीतच जन्मलेली, डॉक्टरांच्या टाकीत जागा आहे. मोठा निळा सरकारी मत्स्यालयाला. टाकीतले दगडही मत्स्यालयालाच, दगडांत बारीक जीव असतात. टाकीचं पाणी खाडीत ओतू नकोस. रिकामी टाकी कुणालाच देऊ नकोस, मागितली तरी.

पट्ट्यांचा मासा मात्र तुझ्या भाच्याच्याच हातात दे. झाकणाच्या बादलीत, काटे विषारी असतात, हात लावू नकोस. अशा माशांचं पुढे काय करतात, ते त्याला विचारू नकोस. मी विचारलं आहे.

तुझीच,
ताई